सूर्य फुकट, सही मात्र नवऱ्याची

"साहेब घरी आहेत का?" उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या आमच्या एका मैत्रिणीच्या दारात सोलरवाला आला, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न हा. साहेब घरी नाहीत. अकरा वर्षे झाली, दुसरे घर करून ते बदलापूरला राहतात. हे घर बाई चालवते, जीन्सचे धागे कापून आणि शिलाई मशीनवर. लाइट बिल दर महिन्याला तीच भरते. पण बिलावर नाव सासऱ्यांचे, आणि सासरे वारूनही सात वर्षे झाली. "मग नवऱ्याची सही आणा," म्हणून तो पुढच्या दाराकडे वळला.

सात वर्षे मेलेल्या माणसाच्या नावाने बिल आले आणि जिवंत बाईने ते भरले, तेव्हा कुणी वारसाचा दाखला मागितला नाही. बाईच्या पदरात काही पडायची वेळ आली की कागद जागे होतात!

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना आणली. घराच्या छतावर १ किलोवॅटचे पॅनेल बसवले तर ३० हजार रुपये अनुदान, २ किलोवॅटला ६० हजार, ३ आणि त्यापुढे ७८ हजार. २०२५ मध्ये राज्य सरकारने 'स्मार्ट' योजनेतून आणखी भर घातली. दारिद्र्यरेषेखालच्या घराने १ किलोवॅटसाठी पदरचे अडीच हजारच घालायचे. १ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला शंभरेक युनिट वीज मिळते. गरिबाघरचे बिल जवळजवळ पुसले जाते. अडीच हजार तर आमची मैत्रीण भिशीतूनही उभे करील. घोडे पैशापाशी अडलेले नाही, ते मालकीपाशी अडले आहे.

योजनेची अट अशी, की घर स्वतःच्या मालकीचे हवे आणि छत पॅनेल बसण्याजोगे हवे. आता आमच्या गावात किती बायकांच्या नावावर छत आहे, ते आपापल्या गल्लीत मोजून बघा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना लष्कराच्या बराकींत वसवून हे शहर उभे राहिले. बराकींचे तुकडे पडले, वर माळे चढले. कागद झाले ते बापाच्या नावे, मग मुलाच्या. सिंधी घर असो की मराठी, यात काही फरक नाही. कित्येक घरांना तर धड कागदच नाही. आणि इमारतीत राहणाऱ्यांनी स्लॅबचीही खात्री करून घ्यावी. मे २०२१ मध्ये याच शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली आहेत.

"मग स्वतःच बसवून घ्या ना!" असा सल्ला एका शहाण्याने दिला. घेता येते. बाजारातून पॅनेल आणि बॅटरी आणून दोन दिवे, एक पंखा चालवता येतो, त्याला कुणाची सही लागत नाही. पण अनुदान मिळते ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून बसवून नेट मीटर लावल्यावरच. म्हणजे घरवाल्याला सवलत, आणि जिच्याकडे काहीच नाही तिने पूर्ण दाम मोजायचे. (जाता जाता: बॅटरी नसलेले सोलर, लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसे केलेले असते, आणि ते बरोबरच आहे. पण विकणारा हे आपणहून सांगत नाही. विचारून घ्या. मशीनवर पोट असणारीला हे आधी कळलेले बरे.)

बाईला यातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी राजस्थानात डुंगरपूरला जाऊन यावे. तिथल्या आदिवासी बायकांनी मुंबईच्या आयआयटीकडून शिकून सौर पॅनेलचा कारखाना उभा केला. पॅनेल बनवता येते, पण आपल्याच डोक्यावर ते बसवायचा अधिकार नाही. त्यावरची धूळ पुसायला मात्र कुणी सही मागणार नाही, ते काम आपलेच.

"घरगुती भांडणात सरकारने कशाला पडावे?" असेही विचारतात. सरकार पडलेलेच आहे, फक्त नवऱ्याच्या बाजूने. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ सांगते, की जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर वीज द्यायलाच हवी. राहणाऱ्याने! २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते, घर तिच्या नावावर नसले तरी. मग राहायला हक्क, मीटरला हक्क, आणि छतावरच्या उन्हाला का नाही? आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावे, ही अट सरकारनेच घातली. तीच इथे घाला. आणि टाकलेल्या, विधवा बायकांना राहत्या घराच्या मीटरवर अनुदान द्या, नवऱ्याच्या सहीशिवाय.

आमच्या मैत्रिणीचा मीटर नावावर करून घ्यायचा अर्ज तयार आहे. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, सात वर्षांच्या पावत्या आणि कलम ४३ ची प्रत जोडली आहे. सोमवारी अकरा वाजता आम्ही नऊजणी तिच्याबरोबर वीज कार्यालयात जातो आहोत. ज्यांच्या बिलावर अजून सासऱ्यांचे नाव आहे, त्यांनी आपले बिल घेऊन यावे.