निर्णय पैलतीरावर

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरले की गुहागर तालुका लागतो. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प उभा राहिला तो या तीरावर, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात. कागदोपत्री नाव मात्र मिळाले ऐलतीरावरच्या दाभोळचे. त्या प्रकल्पाच्या वीजदरावर आणि राजकारणावर पुष्कळ लिहून झाले आहे. त्यातला एक प्रश्न अजून शिळा झालेला नाही: ठरवताना कोण हजर होते आणि झळ कोणाला लागली?

राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला डिसेंबर १९९३ मध्ये. त्याच वर्षी, २४ एप्रिलला, ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली होती. पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात. गावच्या सत्तेचे दार उघडत होते आणि गावाचे भवितव्य मुंबई, दिल्ली, ह्यूस्टनमध्ये ठरत होते. मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी सक्तीची झाली ती एप्रिल १९९७ मध्ये, करार होऊन तीन वर्षे उलटल्यावर.

पुढे दोनच महिन्यांनी, ३ जूनच्या पहाटे, पोलिस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले. पुरुषमाणसे समुद्रावर होती. प्रकल्पविरोधी आंदोलनात पुढे असलेल्या बायकांना घरांतून बाहेर ओढून मारहाण झाल्याची नोंद अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच यांच्या अहवालांत आहे. अटक झालेल्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. कंपनीच्या बाजूने या प्रकल्पाचा चेहरा होत्या रिबेका मार्क, म्हणजे तीही एक बाईच. वरच्या खुर्चीत एक बाई बसली की खालच्या सगळ्यांचे भागते, हा समज वेलदूरपुरता तरी खोटा ठरला.

मग प्रतिनिधित्वाचा आग्रह फोल म्हणायचा का? तसे नव्हे. बालपणाची काही वर्षे, दाभोळ ज्या तालुक्यात येते त्या दापोलीत घालवलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मांडले होते की, मतांना प्रतिनिधित्व मिळणे पुरेसे नाही, माणसांनाही ते मिळाले पाहिजे. वेलदूरचा अनुभव त्याला एक पुरवणी जोडतो: माणूस आत हवा, आणि निर्णय जिथे होतो त्याच खोलीत हवा.

रत्नागिरी जिल्ह्यात हे अधिक टोचते. २०११ च्या जनगणनेनुसार इथे हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत. चाकरमानी मुंबईला, शेत, गोठा, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषधपाणी आणि बंदरावर मासळीची विक्री बायकांच्या अंगावर. तरी गावकीच्या बैठकीत बोलतात पुरुष, आणि बऱ्याच गावांत शेवटचा शब्द चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाचा. स्थानिक संस्थांतले महिला आरक्षण राज्याने २०११ मध्ये निम्म्यावर नेले, त्यामुळे बाई सरपंच होणे आता नवलाचे राहिले नाही. पण सही तिची आणि शब्द ‘सरपंचपतीं’चा, हे चित्रही सर्वांच्या ओळखीचे आहे.

वर चढत जावे तशी संख्या विरळ होते. २८८ जणांच्या विधानसभेत स्त्रिया एक दशांशही नाहीत. १९६० पासून राज्याला महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. मुख्य सचिवपदी पहिली महिला बसली ती २०२४ मध्ये. २०२३ मध्ये संमत झालेले संसद-विधानसभांतले आरक्षण जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेले आहे.

तोवर हातात असलेले साधन तरी वापरावे. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. अनेक ठिकाणी ती हजेरीवहीतल्या सह्यांपुरती उरते. तिथले ठराव ग्रामसभेत वाचले जावेत, फेटाळायचे असल्यास कारण इतिवृत्तात लिहावे, आणि खाडीवर, बंदरावर, जमिनीवर परिणाम करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या सुनावणीत ते दप्तरी दाखल व्हावेत. सुनावणीची वेळही मासळीबाजार उठल्यानंतरची असावी. एवढ्याने सत्ता हातात येणार नाही. पण जिला झळ लागणार, तिचे म्हणणे करारावर सही होण्याआधी कागदावर येईल. १९९३ मध्ये नेमके तेवढेच झाले नव्हते.