पाणी कुठे मुरतंय?

आठवडाभर एसीत कुडकुडणारी आपली जमात शनिवारी बोटीवर गेली की पहिला प्रश्न विचारते, ‘फ्रीज कुठाय?’ पंचवीस-तीस फुटी शिडाच्या बोटीवर बरेचदा उत्तर येतं, ‘नाहीये!’ इंजिन बंद, शिडं वर आणि बॅटरी दिव्यांसाठी अन्‌ रेडिओसाठी राखून ठेवलेली. मग उरतो तो आइसबॉक्स. ओट्याशेजारी बसवलेला, वरून झाकण उघडणारा खोल खोका. सकाळी त्यात बर्फाची लादी टाकायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

पावसाळा सोडला तर मुंबई बंदरात एका मित्राच्या बोटीवर मी हौशी क्रू म्हणून अधूनमधून जाते. तिथे सगळ्यात जास्त भांडणं शिडांवरून होत नाहीत. ती होतात वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावरून. एक पार्टी म्हणते, काढून टाका. दुसरी म्हणते, अरे थंडगार आहे, राहू दे की!

बरोबर कोण? शाळेतला अप्रकट उष्मा आठवा. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. त्याचंच झालेलं पाणी शून्यावरून दहा अंशांवर जाताना शोषतं फक्त १०. म्हणजे खरी मेहनत बर्फाची. पण पाणी कॅनला चहूबाजूंनी भिडतं, हवेला ते तितकं जमत नाही. त्यामुळे बर्फ तरंगतोय तोवर कोल्ड्रिंक किंवा बीअरसाठी ते पाणी म्हणजे बेस्ट. दुसऱ्या पार्टीला एक पॉइंट!

आता त्याच खोक्यात पनीर, सॅण्डविच आणि कच्ची सुरमई ठेवा. दहा किलोची लादी वितळली की दहा लिटर पाणी होतं. वाऱ्याने बोट कलली की हे पाणी एका कडेला धावतं आणि सुरमईचं पाणी सॅण्डविचला आंघोळ घालतं. समुद्रात पोट बिघडलं तर कोपऱ्यावर मेडिकल नसतं, बॉस. त्यात महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आला. तो बर्फ बंद कॅनसाठी ठीक, पण त्याचं पाणी खाण्याला लागता कामा नये.

म्हणजे पाणी काढायचंच. पण कुठे? इथे खरी गोम आहे. आइसबॉक्सचा तळ बरेचदा समुद्राच्या पातळीखाली असतो. बोटीला सरळ भोक पाडलं तर पाणी बाहेर जायच्या ऐवजी समुद्रच आत येईल. म्हणून काही बोटींत त्याची नळी थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सगळ्यात खालच्या खळग्यात सोडलेली असते. सांडलेलं दूध, माशांचं पाणी, सगळं तिथे साचतं. वास तर येतोच. पण वासापेक्षा मोठा लोचा वेगळाच आहे.

बिल्जमध्ये पाणी दिसलं की जुने खलाशी बोट बुडवून जिभेला लावतात. (हो, ईऽऽ! पण ऐका.) खारट लागलं तर समुद्र आत येतोय, गोडं लागलं तर टाकी गळतेय. आइसबॉक्सचं पाणी रोज तिथेच जात असेल तर ही टेस्टच बाद. पाणी वाढलं तरी सगळे म्हणणार, ‘बर्फाचंच असेल रे!’ आणि खरी गळती त्यात लपून राहणार.

तेव्हा माझा फंडा असा :

• नळी बिल्जमध्ये नको. छोट्या हातपंपाने पाणी उपसा आणि बाहेर टाका.

• नळी असेलच तर तिला कॉक हवा. थंड हवा जड असते, उघड्या नळीतून ती खालच्या खाली निघून जाते. किचनच्या सिंकखाली असतो तसा पाणी धरून ठेवणारा वळसाही चालतो.

• तळाशी जाळी ठेवा. जाळीखाली पाणी आणि कॅन, जाळीवर लादी आणि बंद डब्यांतलं खाणं. मासे वेगळ्या खोक्यात, आणि त्यांचं पाणी लगेच काढा.

• चुऱ्यापेक्षा अखंड लादी हळू वितळते. घरी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तर सगळ्यात शहाण्या. गळत नाहीत आणि वितळल्या की पिता येतात.

• झाकण कमी वेळा उघडा. ड्रिंक्सचा खोका वेगळा असेल तर उत्तमच.

उष्णता अडवली तर बर्फ किती टिकतो? १८३३ मध्ये बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन एक शिडाचं जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. सुमारे १०० टन शिल्लक होता! आपल्याला तर फक्त रविवार संध्याकाळ गाठायचीय.

सो, पुढच्या वेळी कुणाच्या बोटीवर गेलात तर बीअर थंड आहे का हे जरूर विचारा. पण त्याआधी आइसबॉक्सची नळी कुठे जाते, ते विचारा.