गाळणं शिवून देताना



लग्नसराई संपली की माझ्या कपाटाचा खालचा कप्पा उघडायची मला धास्ती वाटते. तिथे न वापरलेल्या भेटी राहतात. काचेचे बाऊल, देवाच्या फ्रेमा, आणि हो, हातानं केलेल्या वस्तूही. मोती चिकटवलेलं तोरण, मिक्सरला घालायचा झालरीचा झगा. विकतची वस्तू निदान पुढच्या लग्नात सरकवता येते. हातानं केलेली टाकवतही नाही आणि वापरवतही नाही. पर्युषणात आपण अपरिग्रहावर प्रवचन ऐकतो आणि दिवाळीला दुसऱ्याच्या घरात परिग्रह नेऊन ठेवतो. कडू वाटेल, पण मला तसंच वाटतं.

शिवणाला माझा विरोध नाही, उलट मी शिवणाचीच बाजू घ्यायला बसले आहे. पण घेणारीच्या हातात ती वस्तू रोज येणार आहे का, हे आधी बघावं. मी स्वतः ते बघितलं नव्हतं, म्हणून सांगते.

लग्न होऊन इंदापूरहून बारामतीला आले, त्या पहिल्या वर्षी सासूबाईंसाठी माळेची पिशवी शिवली. पैठणीच्या ब्लाऊजपीसचा उरलेला तुकडा, आतून अस्तर, तोंडाला गोंड्याची नाडी. त्या "छान झालीय गं" म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिली. माळ मात्र जुन्या सुती लुगड्याच्या काठाच्या विटक्या पिशवीतच राहिली. मी मनातून खट्टू. चार महिन्यांनी धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "रेशीम आहे ना ते. कोश उकळताना आतले किडे जिवंत असतात. ते हातात धरून णमोकार नाही म्हणवत मला." रागावल्या नव्हत्या. मला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोलल्या नव्हत्या, एवढंच. मी माझी शिवणकला दाखवायला बसले होते. त्यांचा नियम रोज डोळ्यांसमोर असून मला दिसला नव्हता.

आता मुलीची गोष्ट. ती शिकायला पुण्याला निघाली तेव्हा पाहुण्यांनी ट्रॉली बॅग दिली, इलेक्ट्रिक किटली दिली. मी पाण्याचं गाळणं शिवलं. आपल्याकडे माप सांगतात ते छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद, वापरताना दुहेरी. अंगुळ म्हणजे साधारण पाऊण इंच, म्हणजे कापड सत्तावीस बाय अठरा इंच झालं. जाड मांजरपाट घ्यावं, रंगवलेलं नको. उजेडाकडे धरून बघावं. ऊन आरपार दिसलं तर ते कापड कामाचं नाही. रात्रभर भिजत घालून खळ काढावी आणि मगच कापावं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि माप चुकतं. कडा दोनदा दुमडून बारीक हातशिलाई घालावी. मशीनवर दहा मिनिटांत होतं आणि मशीनवर केलं म्हणून काही बिघडत नाही. मी हातानं केलं, कारण मुलगी जाणार म्हणून रात्री झोपच येत नव्हती. एका कोपऱ्याला वाळत टांगायला बंद लावला. हा बंद विसरू नका. नळाला कायमची बांधून ठेवलेली पिशवी कधी वाळत नाही आणि जीव वाचवायच्या कापडातच जीव पडतात.

लेकीनं ते बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, तिथे आरओ आहे."

खरं आहे. तब्येतीचा प्रश्न असेल तर आरओच प्यावं. कापडानं पाण्यातले क्षार जात नाहीत, सगळे जंतूही जात नाहीत. तरी कापडाला अगदी हसूही नये. बांगलादेशात बायकांना जुन्या सुती साडीची घडी घालून पाणी गाळायला सांगितलं, तेव्हा कॉलरा निम्म्याच्या जवळपास कमी झाला. 2003 साली तो अभ्यास छापून आला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव घडीत अडकतात.

पण आपण मुळात आपल्यासाठी गाळतच नव्हतो. आरओ पिणाऱ्याची काळजी घेतो. गाळण्यात पाण्यातल्या जिवांचीही काळजी असते, म्हणून तर गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटंच चालतं आणि नंतर पुन्हा गाळावं लागतं. इंदापूरला आमच्या विहिरीवर आई गाळणं उलटं धरून वरून गाळलेलं पाणी ओतायची. ती जिवाणी बुडाला कडी असलेल्या बादलीतून खाली सोडायची. बादली पाण्याला टेकली की हळूच उलटी व्हायची. वरून फेकायचं नाही, आपटून जीव मरतात. हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "पाचव्या मजल्यावरून विहीर कुठली आणू?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं आणि त्याच धरणाचा कालवा पुढे दौंडवरून इंदापूर तालुक्यात येतो. म्हणजे ती पिते ते तिच्या आजोळच्या शिवाराचंच पाणी. पण बेसिनमध्ये सोडलेली जिवाणी कालव्याला मिळत नाही, हे मलाही कळतं. कुणा माताजींना विचारायचं ठरवलंय.

दिवाळीआधी तिच्याकडे गेले. जंक्शनच्या स्टँडवरून बाकरवडी नेली होती, ती मैत्रिणींनी पाच मिनिटांत संपवली. बाल्कनीत माझं गाळणं बंदावर टांगलेलं होतं, पण त्याच्या पोटात दही. श्रीखंडासाठी चक्का बांधला होता. मी काही बोलले नाही. परतीच्या एसटीत डोळ्यांतून पाणी आलं, नंतर हसूही आलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "वापरतेय ना? तुझ्या पिशवीसारखं कपाटात तर नाही पडलं?"

घरी येऊन आणखी दोन शिवली. एकाच्या कडेला निळा दोरा घातला, ते दह्याचं. दुसऱ्याला लाल, ते पाण्याचं. दोन्ही कुरियरनं पाठवली आणि फोनवर रंग तेवढे सांगितले. लाल दोऱ्याचं ओलं असतं की कोरडं, हे मी अजून विचारलेलं नाही.