डिस्क गेली, तर ग्राहकाच्या हाती काय राहणार?

इंदूर : कुठला कन्सोल भारी, यावर पोरं तासभर भांडतील. पण जेल रोडच्या बाजारात काय खपणार, हे शेवटी घरचं बजेट ठरवतं.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला. तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना, तर बिनडिस्कचा डिजिटल ३९,९९०ला होता. दहा हजार वाचले, असं वाटतं. पण हिशेब पुढे आहे. मोठा नवा गेम तेव्हा ४,९९९ रुपयांपर्यंत जात होता. डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. निम्म्या किमतीला विकली, तरी चार गेममध्ये दहा हजार वसूल. डिजिटल गेम मात्र खात्याला बांधलेला. तो विकणार कुणाला?

नोव्हेंबर २०२४मध्ये परदेशात आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोला तर डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो. म्हणजे कंपनीचा कल स्पष्ट आहे.

इकडे मोबाइलवर गेम फुकट मिळतो. त्यामुळे मध्यमवर्गीय घराला कन्सोल परवडतो तो जुन्या डिस्कच्या उलाढालीवर. तीच थांबली, तर सेकंडहँडवाल्या दुकानदाराचा धंदा बसेल आणि पालकांचा खिसाही रिकामा होईल. तेव्हा डब्यावरची किंमत बघून भुलू नये. दोन-तीन वर्षांच्या गेमचा खर्च आधी मांडावा.