हुकलेल्या चार मैलांचे मोल

यशस्वी माणसाच्या गळ्यात हार घालावयाचे आणि अयशस्वी माणसाकडे पाठ फिरवावयाची, ही जगाची जुनीच रीत आहे. शाळेत तर गुणपत्रिकेवरून विद्यार्थ्याची सारी किंमत ठरते. ही रीत आम्हांस मान्य नाही. का, ते एका मराठी वैमानिकाच्या चरित्रावरून सांगतो.

दिलीप पारुळकर यांचे पुणे येथे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्याने त्यांच्या विमानास व उजव्या खांद्यास इजा झाली होती. विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी ते तळावर सुखरूप परत आणले. पुढे १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाडले गेले व ते पाकिस्तानच्या कैदेत पडले.

युद्ध संपून कित्येक महिने लोटले, तरी सुटकेचे चिन्ह दिसेना. तेव्हा पारुळकर, मलविंदरसिंग गरेवाल व हरीश सिंहजी या तिघांनी रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरली आणि ऑगस्ट १९७२ मधील एका रात्री ते निसटले. पेशावरमार्गे ते लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाणिस्तानची सरहद्द तेथून अवघी चार मैल! तेथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली. त्यांच्या नकाशात ते स्टेशन होते. प्रत्यक्षात ते १९३२ सालीच बंद झालेले होते. लोकांस संशय आला व तिघेही पकडले गेले.

१ डिसेंबर १९७२ रोजी सर्व युद्धकैद्यांबरोबर त्यांचीही सुटका झाली. यावर कोणी म्हणेल, साडेतीन महिने धीर धरला असता तर हा खटाटोप कशास हवा होता? परंतु सुटकेची तारीख त्यांस कोणी सांगितली होती? कृतीचे मोल त्या घटकेच्या ज्ञानावरूनच ठरविले पाहिजे. निसटू पाहणाऱ्या कैद्यास केवळ शिस्तभंगाचीच शिक्षा द्यावी, असे १९४९ च्या जिनिव्हा करारानेही ठरविले आहे. स्वातंत्र्याची ओढ हा गुन्हा नव्हे, हेच त्यातील तत्त्व होय.

आपल्या सिल्वासाने २ ऑगस्ट १९५४ रोजी पारतंत्र्याचे जोखड झुगारले. त्या यशाचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु पुढल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवशी गोवा मुक्त झाला नाही; तो डिसेंबर १९६१ मध्ये झाला. म्हणून त्या सत्याग्रहींचे बलिदान व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?

विद्यार्थिमित्रांनो, नकाशा जुना नाही ना, हे अवश्य तपासून पाहा. साहसास ज्ञानाची जोड हवीच. परंतु चार मैल उरले म्हणून चाललेली वाट वाया गेली, असे मात्र कधी मानू नका.