सुटे शेअर आणि बहिणीचा हिस्सा

जुन्या ट्रंकेत शेअरची प्रमाणपत्रे सापडली, की वाटणीच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते : "एवढ्याशा शेअरचे तुकडे कसे करायचे? राहू द्या थोरल्याच्या नावावर." या वाक्यात बहुतेक वेळा बहिणीचा हिस्सा बुडतो. म्हणून आज आम्ही तोच हिशेब मांडत आहोत.

कागदी प्रमाणपत्रांच्या काळात या म्हणण्याला थोडा आधार होता. दहा रुपये दर्शनी किमतीचे शेअर बहुधा 50 किंवा 100 च्या लॉटमध्ये विकले जात. त्याहून कमी असले, की तो 'ऑड लॉट'. बोनसमुळे किंवा वाटणीमुळे असे सुटे शेअर हाती येत. त्यांना गिऱ्हाईक सहज मिळत नसे, भावही कमी येई. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर डिमॅट खात्यात येऊ लागले आणि लॉट एका शेअरचा झाला. आज एकच शेअर असला तरी तो बाजारभावाने विकता येतो.

मग अडचण कुठे उरली? समजा, कर्ज आणि वसीयत भागवून अब्बांचे 80 शेअर उरले. त्यांचे आईवडील हयात नाहीत. वारस अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी. अम्मींचा आठवा हिस्सा 10. उरलेल्या 70 चे पाच भाग : प्रत्येक मुलाला 28, मुलीला 14. अपूर्णांक आलाच, तर तेवढा शेअर विकून पैसे वाटावेत.

"नॉमिनी मीच आहे," असेही कोणी म्हणतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क कायम राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसांच्या नावावर मात्र होतात. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे जोडून कंपनीच्या रजिस्ट्रारकडे अर्ज करावा. प्रत्येक वारसाने आपले डिमॅट खाते उघडावे. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेथूनही आयईपीएफ-5 हा अर्ज भरून ते परत मागता येतात.

बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडला, तर ती तिची मर्जी. पण आधी कागद तिच्या हातात द्या, आजचा भाव सांगा आणि मगच विचारा.