घर पाहावे बांधून, अपडेट पाहावे करून

मराठीत आपण म्हणतो, 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून.' आपल्या घरातल्या कन्नड आज्याही तेच सांगतात, 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु.' या दोन्हींच्या जोडीला आता तिसरी गोष्ट आली आहे, अपडेट!

आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीसाठी ज्या देवासला गेले, तिथेच माझी मावशी दिलेली. मावशी आता ७८ वर्षांची, घरात एकटी. मुलगा धारला, नोकरी पिथमपूरच्या कारखान्यात. त्याने आईच्या घरी 'रास्पबेरी पाय' हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक बसवला आणि त्यावर २०१३ साली सुरू झालेली 'होम असिस्टंट' ही मोफत प्रणाली घातली. दिवे आणि पाण्याची मोटर त्यावर चालतात. पण खरे काम वेगळेच आहे. सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल दिसली नाही, तर धारला फोन वाजतो.

फोनवरचे ॲप ही नुसती खिडकी. घर चालवतो तो बोर्ड. त्यावरच्या प्रणालीची नवी आवृत्ती दर महिन्याला येते. जुन्या ३२-बिट पद्धतीचा आधार काढून घेणार, असे मे २०२५ मध्ये जाहीर झाले आणि त्या डिसेंबरनंतर तो संपला. 'पाय ३'चा प्रोसेसर ६४-बिट आहे, पण अनेकांनी त्यावर ३२-बिट प्रणालीच घातलेली असते. अशा वेळी नुसते बटण दाबून भागत नाही. बॅकअप घ्यायचा, कार्डावर ६४-बिट प्रणाली नव्याने घालायची आणि बॅकअप परत भरायचा.

हा बॅकअप त्याच कार्डावर ठेवू नये. सतत लिहिले गेल्याने आणि वीज अचानक गेल्याने मेमरी कार्डे खराब होतात. मग घराबरोबर घराची किल्लीही जळाल्यासारखे होते.

भावाने हे काम धारहून केले नाही. रविवारी दिवसाउजेडी देवासला जाऊन केले. दिवे लागले म्हणून तो उठला नाही. सोमवारी रजा काढून थांबला. त्या सकाळी आठ वाजेपर्यंत मावशीला स्वयंपाकघरात जाऊ दिले नाही. आठला फोन वाजला, तेव्हा कुठे चहा झाला!

मावशीची अट मात्र पहिल्या दिवसापासून एकच होती, भिंतीवरची बटणे काढायची नाहीत. देवास गावात १९४८ पर्यंत थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये शेजारी शेजारी नांदली. तसेच हेही. ॲपचे राज्य असो, पण माणसाच्या हाताचेही असावे.

वाचकहो, आपल्याकडेही मुले पुण्या-बंगळूरला आणि आईवडील गावी, अशी घरे कमी नाहीत. असे यंत्र बसवाल, तर दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: बॅकअप कुठे आहे आणि ते परत भरणारे, जवळ राहणारे दुसरे माणूस कोण. आणि प्रत्येक अपडेटनंतर दिवा लागतो का एवढेच पाहू नका, फोन वाजतो का तेही पाहा.